नकाशात नसलेलं स्टेशन

ब्रसेल्सला राहणाऱ्या माझ्या ताईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. गाठ स्वरयंत्रावरच होती. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ताईचा फोन आला, "ठमे, आदल्या संध्याकाळी ये. शेवटचं पोटभर बोलून घेऊ."

मी ग्लासगोच्या स्टेशनवर चौकशी केली. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, पुढे इंग्लिश खाडीपलीकडची गाडी पकडायची असेल तर 'लंडन इंटरनॅशनल'पर्यंतचं तिकीट घ्या. थोडं महाग पडेल, पण इथली गाडी लेट होऊन पुढची चुकली तर त्यानंतरच्या गाडीत बसवतात.

घरी येऊन मी हे यजमानांच्या कानावर घातलं. आमचे हे म्हणजे रेल्वेतले पंडित. निवृत्त डॉक्टर, पण नाड्या तपासाव्यात तसे वेबसाइटवर भाडी तपासत बसतात. ते हसले. "अगं, लंडन इंटरनॅशनल नावाचं स्टेशनच एक्झिस्ट करत नाही. मॅपवर दाखव मला. लंडनच्या युस्टन स्टेशनचं बुक केलंय, चीपेस्ट."

मॅपवर ते नव्हतंच. ते नाव फक्त तिकिटावर असतं, जमिनीवर नसतं. पण ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला कोण सांगणार? त्या खिडकीतल्या बाईंना विचारायला जाणं म्हणजे ह्यांच्या पांडित्याला कमीपणा.

कार्लाइलच्या पुढे सिग्नल बिघडला आणि आमची गाडी शेतात उभी राहिली. युस्टनहून धावतपळत ब्रसेल्सची गाडी सुटते त्या स्टेशनात पोचलो, तोवर ती गेली होती. काउंटरवरच्या मुलीने आमचं तिकीट उलटसुलट पाहिलं. तिचा स्वर मऊ होता. तिकीट लंडन इंटरनॅशनलचं असतं तर संध्याकाळच्या गाडीत बसवलं असतं, म्हणाली. आता नवीन तिकिटं काढा, आणि ती उद्याचीच आहेत.

हे माझ्याकडे न बघता फोनवर उद्याचं सगळ्यात स्वस्त तिकीट शोधू लागले.

मी ताईला फोन लावला. मागे घोषणा चालूच होत्या. ती बराच वेळ काहीतरी सांगत होती, त्यातलं मला नीट ऐकू आलं ते एवढंच, "असू दे गं, ठमे."

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा तिच्या गळ्याला नळी होती. मला पाहून तिचे ओठ हलले.

ग्लासगोला परतल्यावर ह्यांनी गाडी लेट झाल्याबद्दल भरपाईचा अर्ज टाकला. पूर्ण भाडं परत आलं. मी भाजी चिरत होते, तिथे येऊन त्यांनी मला फोन दाखवला.

"बघ, तिकीट फुकटातच पडलं."

मला ठमे म्हणणारं दुसरं कुणी नाही.