रेस अडकली आन् मी बाबावर ओरडली

थांबा, हे आत्ताच सांगा लागते, नाईतर माह्यं डोकं फुटीन. हाताले ग्रीस तसंच आहे, मोबाइलची काच काळी झाली, तरी टाइप करून राहिली.

आमच्या बाबाची स्कूटर माह्याहून वयानं मोठी. बार्शीटाकळीकडं आमचं झेंडूचं वावर आहे. तिथून फुलाचं गाठोडं बांधून बाबा रोज सकाळी अकोल्यात जुन्या शहरात आनते. मागच्या आठवड्यात आमच्याच गल्लीत रेस अडकली. मूठ सोडली तरी मागं येईना. गाडी सुसाट गेली आन् कांद्याच्या ठेल्यावर धडकली. बाबाचं ढोपर फुटलं.

आन् मी? मी दारातून, सगळ्या गल्लीसमोर ओरडली, "हात थरथरते तुमचा आता! मूठ सोडाची तं पिळता!" चाबी काढून घेतली.

मिस्त्रीनं नवी केबल टाकली, एक चक्कर मारली आन् म्हने, "गाडी ठीक आहे ताई, चालवनारा थकला." अमरावतीहून दादाचा फोन, "देऊन टाक भंगारात." मी हो म्हनलं! बाबा आठ दिवस ऑटोनं गेले, अर्धे फुलं चेंदून आनले. आल्यावर स्कूटर पुसत बसत.

आज सकाळी भंगारवाला येनार होता. गाडी बाहेर काढावी म्हनून मी चालू केली, मूठ पिळली, सोडली. मागं येईना! माह्या हातात! माहा हात तं थरथरत नाई ना? घाईघाईनं बंद केली.

मिस्त्रीले फोन केला तं म्हने, "उद्या पाहू." मले असा राग आला! स्वतःच पेचकस घेतला आन् हँडलचं झाकन उघडलं. ज्या चाकीले केबल अडकते, तिथं ग्रीसनं काळा झालेला गोळा. मिस्त्रीले तो ग्रीसच वाटला असन. पकडीनं ओढला तं दोरा निघतच राहिला, निघतच राहिला. त्यात झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या.

दसऱ्याचा हार! आमच्या घरी पूजेचा हार कैचीनं कापत नाई, फुलं आपोआप गळू देते. दोरा तसाच राह्यते. आन् हार बांधला कोनं? मीच. खाली लोंबू नये म्हनून मुठीले गच्च फेरे मारले आन् टोक फटीत खोसलं. फोटोत किती मस्त दिसत होतं!

दोरा आन् चाबी घेऊन बाबाजवळ गेली. "बाबा, तुमचा हात नाई थरथरत."

"मले माहीत होतं."

"मंग बोलले काहून नाई?"

"तू बोलू देलं का व?"

चाबी पुढं केली, घेतली नाई. "गल्लीत ओरडली होती ना? आता गल्लीतच सांग."

गेली. कांदेवाल्या काकांसमोर, नळावरच्या बायांसमोर ओरडून सांगितलं, "बाबाची चूक नव्हती! दोरा माहा होता!" काका हसून म्हने, "त्या दिवशीचे दबलेले कांदे अजून पोत्यात आहे, ते कोन वेचीन मंग?" वेचले.

बाबानं चाबी घेतली, दोन किका मारल्या, रेस पिळली, सोडली. मूठ टप्पकन मागं आली. तेवढ्यात आलेल्या भंगारवाल्याले 'नाई' म्हनून हात हलवला आन् वावराकडं निघून गेले. मले वळूनही पाह्यलं नाई.

मिस्त्रीचा राग आहे, दादाचा आहे, पन सगळ्यात जास्त माहाच. तुमी कधी बापाले असं चारचौघात बोलले का? आन् चूक तुमचीच निघाली का? खरं सांगा.