सलोमाच्या स्वयंपाकघरातली दोन घड्याळं

सोमवारी सकाळी सलोमाने तवा दुसऱ्यांदा शेगडीवर चढवला, तेव्हा सिंकवरच्या खिडकीतल्या छोट्या घड्याळात पावणेसात झाले होते आणि भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात पावणेसहा. पहिली खेप पहाटेच उरकली होती. नवऱ्याची, म्हणजे अल्विनची, अंडी, कॉफी आणि कारखान्यात न्यायचा डबा. आता सासऱ्यांची आणि तीन मुलांची खेप. मक्याच्या पिठाच्या त्याच तळलेल्या वड्या, तोच टोमॅटोचा रस्सा, घासून पालथी घातलेली तीच भांडी पुन्हा सुलटी करायची. शनिवारपर्यंत हे सगळं एकदाच होत होतं.

हिवाळ्याचे चार महिने दोन्ही घड्याळं गुण्यागोविंदाने नांदतात. मार्चमधला दुसरा रविवार उजाडला की सरकार अख्ख्या अमेरिकेला एक तास पुढे ढकलतं आणि घरात वीज नाही, दारात मोटार नाही अशा आमच्या आमिश वस्तीत नोव्हेंबरपर्यंत दोन वेळांचा संसार सुरू होतो. आपली जुनी ती संथ वेळ, बाहेरच्या लोकांची, ज्यांना आम्ही सरसकट इंग्लिश म्हणतो त्यांची, ती धावती वेळ. चर्चची प्रार्थना आणि मुलांची शाळा संथ वेळेवर, कारखान्याचा भोंगा आणि डॉक्टर धावत्या वेळेवर. लग्नाच्या निमंत्रणातसुद्धा आकड्यापुढे कुठली वेळ ते लिहावं लागतं, नाहीतर अर्धी मंडळी नवरीच्या आधी येऊन बाकांवर बसलेली असतात.

लंबकाचं घड्याळ सासऱ्यांचं, मोझ गिंगरिच यांचं. वय एकोणऐंशी, माणूस प्रेमळ, सलोमाच्या सुऱ्यांना न सांगता धार लावून देणारा. दर शनिवारी संध्याकाळी ते स्टुलावर चढून त्या घड्याळाला चावी देतात. त्याचा काटा आजवर कोणी पुढे केला नाही. घरात वीस गायी होत्या तेव्हा तेच एक घड्याळ पुरत होतं. सासूबाई गेल्या, गायी विकल्या, अल्विन इंग्लिश माणसाच्या फर्निचरच्या कारखान्यात जाऊ लागला, आणि मग सिंकवरच्या खिडकीत हे बॅटरीचं घड्याळ आलं. अल्विन मोझना डॅट म्हणतो, म्हणजे बाबा. सलोमाही तेच म्हणते.

"डॅट, आज मला दवाखान्यात जायचंय. तुमचं जेवण करून झाकून ठेवलंय," वाढता वाढता ती म्हणाली. "बारापर्यंत मी येतेच, पण उशीर झाला तर..."

"कुठले बारा गं?" मोझनी गालात हसत विचारलं. "बारा एकच असतात. सूर्य डोक्यावर आला की बारा. आता वॉशिंग्टनवाल्यांच्या डोक्यावर तो कधी येतो, ते आपल्याला काय ठाऊक!"

"मग आजोबा, आमच्याऐवजी सूर्यालाच शाळेत पाठवा," बारा वर्षांची लेना म्हणाली. "तो तरी वेळेवर पोचेल."

"पाठवला असता. पण टीचर तुझ्यापेक्षा त्यालाच जास्त मार्क देतील."

सगळे हसले. सलोमाही हसली आणि हसता हसता कॉफीची किटली उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. ही सवय तिला गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला लागली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, जणू दुसऱ्याचीच. काचेच्या दोन बरण्या फुटल्यावर तिने पत्र्याचे कप बाहेर काढले आणि 'मुलं फोडतात म्हणून' असं सांगितलं. नोव्हेंबरात वस्तीतल्या नर्सने तिचा हात उलटसुलट करून पाहिला. "सलोमा, ही नस दबलीय. हाताच्या डॉक्टरला लवकर दाखव. दिवस गेले तर बधिरपणा कायमचा राहील, आणि मग तुझी कणीक कोण मळणार?" शहरातल्या डॉक्टरची तारीख मिळाली ती चार महिन्यांनंतरची. आजची. साडेनऊ.

ते साडेनऊ धावत्या वेळेचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शहर सव्वा तासावर. म्हणून गाडी आठ वाजता हवी होती. मुलं शाळेकडे निघाली तसं तिने डोक्याला काळं बॉनेट बांधलं, शाल घेतली आणि खिडकीजवळच्या बाकावर बसली. सिंकवरच्या घड्याळात आठला पाच कमी.

आठ वाजले. सव्वाआठ वाजले. बर्फ वितळून रस्त्यावर नुसता चिखल झाला होता, त्यात एकसुद्धा गाडी नाही. साडेआठला ती रस्त्याच्या टोकाशी असलेल्या फोनच्या खोपटाकडे अक्षरशः पळत गेली. तीन घरांत मिळून तो एक फोन. पलीकडे नुसतीच रिंग वाजत राहिली. म्हणजे गाडी घेऊन येणारी नॉर्मा घरातून निघाली तर आहे, असं मनाशी म्हणत ती चिखल तुडवत परत आली आणि पुन्हा त्याच बाकावर बसली. उठावं तर गाडी येईल, बसावं तर काटा हलतोय. लंबक टिकटिक करत होता आणि तिथे अजून आठसुद्धा वाजले नव्हते. मोझ आरामखुर्चीत चष्मा पुसत म्हणाले, "अगं, एवढी घाबरी का होतेस? भरपूर वेळ आहे."

लंबकाच्या घड्याळाने आठचे ठोके दिले आणि शेवटचा ठोका विरतो न विरतो तोच दारावर टकटक झाली.

दारात नॉर्मा, शाळेच्या बसवरून निवृत्त झालेली इंग्लिश बाई. वस्तीतल्या लोकांना आपल्या व्हॅनमधून कुठे कुठे नेते. तिने हातातलं पाकीट पुढे केलं. "हे घे, दालचिनीचे रोल. आणि माझं कौतुक कर. ठोक्याला हजर! पहिल्याच सोमवारी, तुमच्या त्या घोळात!"

सलोमाने खिडकीतल्या घड्याळाकडे पाहिलं. "नॉर्मा, नऊ वाजले."

"तुमचे आठ."

"माझी वेळ साडेनऊची आहे. दवाखान्याच्या साडेनऊची."

नॉर्माचा चेहरा उतरला. तिने कोटाच्या खिशातून वही काढली. वहीत प्रत्येक घरापुढे एक खूण होती, मागच्या वर्षीच्या गोंधळांनंतर तिने ती स्वतःच लावली होती. "हे बघ. निरोप गेल्या बुधवारी आला, आवाज मोझचा. मोझ कायम संथ वेळ बोलतात, म्हणून आठ म्हणजे माझे नऊ. अल्विन बोलला असता तर मी आठलाच आले असते गं."

मोझ खुर्चीतून उठून दाराशी आले. "मी आठच सांगितलं होतं. तू आठ म्हणालीस, मी आठ म्हणालो."

खरंच होतं ते. बुधवारी संध्याकाळी ते नेहमीसारखे फोनकडे निघाले होते, पीठ लागलेल्या हातांनी तिने मागून हाक मारली होती, "डॅट, नॉर्माला सोमवारी आठ सांगा." त्या दिवशी दोन्ही घड्याळं एकच बोलत होती. कुठले आठ, हे सांगायचं तिच्या जिभेवर आलंच नाही. बोट दाखवावं तर कोणाकडे?

"चल, बस आधी," नॉर्मा म्हणाली. "पोलीस दिसला तर तू प्रार्थना कर, मी रडेन."

रस्ताभर नॉर्मा बोलत राहिली. सलोमा मांडीवर उजवा हात उताणा ठेवून बसली होती आणि गाडीतल्या हिरव्या आकड्यांकडे बघत होती. साडेनऊ झाले तेव्हा त्या अजून शेतांमधूनच चालल्या होत्या. त्या आकड्यांना लंबक नव्हता, आवाज नव्हता, ते फक्त बदलत होते.

दवाखान्यात पोचल्या सव्वादहाला. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि मान हलवली. "पंधरा मिनिटांवर उशीर झाला की नंबर जातो, मॅडम. डॉक्टर आता ऑपरेशनला गेले. आज सगळ्यांचीच बोंब आहे हो, माझंच पोरगं उठत नव्हतं, त्याला झोपेतच बूट घातले. दोन दिवसांत लागेल सगळं सुरळीत."

"हिचं आठ महिने लागत नाही," नॉर्मा फटकन म्हणाली. "हिच्या घरात दोन घड्याळं आहेत."

"का?" मुलीने अगदी साधेपणाने विचारलं.

पंधरा वर्षांच्या संसारात हे सलोमाला कोणी विचारलंच नव्हतं.

"पुढची तारीख अठरा जून. साडेनऊ. चालेल?"

सलोमाने कागद मागून घेतला आणि डाव्या हाताने त्यावर लिहिलं. साडेनऊ, धावती. अक्षर लेनाच्या पहिलीतल्या अक्षरासारखं आलं.

वाटेत नॉर्माची दोन कामं उरकून ती घरी आली तेव्हा सिंकवर पाऊण आणि भिंतीवर पावणेबारा. म्हणजे मोझच्या जेवणाला ती वेळेवर पोचली होती! बॉनेट काढून तिने झाकलेलं ताट गरम केलं. मोझ जेवले. मग म्हणाले, "फार वाईट झालं, पोरी," आणि त्यांच्या आवाजात खरंच कळवळा होता. तिला वाटलं, हे रागावले असते तर सोपं गेलं असतं. तीन वाजता शेगडी पुन्हा पेटली, कारण अल्विन साडेतीनला येतो आणि पाचला त्याला जेवण लागतं. मुलं आली, त्यांच्या पोटात कावळे. मुलं बापाबरोबर जेवली आणि आजोबांबरोबर पुन्हा जेवणार होती, कारण मोझचं जेवण संथ साडेपाचला, म्हणजे साडेसहाला. दोन्ही जेवणांच्या मधल्या दीड तासात सलोमा काय करते, असं कोणी विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. पहिली भांडी धुते आणि दुसरी काढते. प्रत्येक तास कोणाचा तरी असतो. भिंतीपासून खिडकीपर्यंत सहा पावलं, आणि या सहा पावलांत ती नोव्हेंबरपर्यंत फेऱ्या मारणार.

अल्विनला तिने तारखेचं सांगितलं. तो थकलेला होता, बोटांना लाकडाचा भुसा. "अगं, मी तरी काय करू? भोंगा माझ्या हातात आहे का? आणि डॅटचं घड्याळ..." तो बोटांवरचा भुसा झटकू लागला. "या वयात त्यांना काय सांगायचं? पलीकडच्या वस्तीत म्हणे अर्धा तास पुढे करून मधला मार्ग काढलाय."

"म्हणजे दोघांनाही चुकीची वेळ," लेना म्हणाली.

"तू गप गं."

साडेसहाला मोझ टेबलाशी आले. मुलंही बसली. अल्विन कॉफी घेत आणि वर्तमानपत्र चाळत तिथेच होता. सगळ्यांनी माना खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना केली. सलोमाने किटली उचलली, उजव्याच हाताने, कारण डाव्यात ब्रेडची टोपली होती. मोझचा कप भरता भरता बोटं गेली. किटली पडली नाही, पण कॉफी कपावरून बशीत, बशीतून टेबलक्लॉथवर आणि तिथून मोझच्या मांडीवर ओघळली, आणि तरी तिला कळेना की किटली सरळ करायची कशी. लेनाने धावत येऊन ती धरली.

"अगं, भाजलं का तुला?" मोझ म्हणाले. त्यांची स्वतःची विजार भिजली होती.

"मला कळत नाही, डॅट," सलोमा म्हणाली. "भाजलं तरी कळत नाही. हिवाळ्यापासून."

अल्विनने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "हिवाळ्यापासून? तू तर बारीकशी कळ आहे म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

मोझनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिच्या एकेका बोटाच्या टोकाला अंगठ्याने दाबून बघत राहिले, गाईचा खूर बघावा तसे. तिसऱ्या बोटापाशी त्यांनी मान वर केली. भिंतीवर साडेपाच होऊन गेले होते, खिडकीत साडेसहा.

"काय करू मी, सांग," ते म्हणाले. "पट्टी बांधू? जूनपर्यंत नर्सला रोज बोलावू?"

सलोमाने आयुष्यात या टेबलाशी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, मीठसुद्धा नाही. इतका वेळ ती उभीच होती, आता बसली.

"डॅट, अल्विन, एवढंच करा," ती म्हणाली. "या स्वयंपाकघरात एकच घड्याळ ठेवा. कुठलं ठेवायचं ते तुम्ही दोघं ठरवा."