दगडावर न ठेवलेली मेणबत्ती

मृतांच्या दिवशी आम्ही कॅथलिक थडग्यांवर मेणबत्त्या लावतो, प्रार्थना करतो. पनवेलच्या दफनभूमीत मी आईसाठी जातो, तेव्हा एक म्हातारी दरवर्षी दिसते. नवऱ्याच्या थडग्याशी ती पेटती मेणबत्ती हातातच धरून बसते. यंदा मला राहवलं नाही.

"मावशी, खाली ठेवा की. चटका बसेल."

"हे प्रोटेस्टंट होते. मेलेल्यांसाठी प्रार्थना करा असं बायबलात कुठंय, म्हणून भांडायचे. जाताना वचनच घेतलं, माझ्यासाठी यातलं काही करायचं नाही."

"मग ही मेणबत्ती?"

"प्रार्थना नाही करत रे बाबा. नुसती बसते. पण यांना अंधारात कसं सोडू?"

मेण तिच्या बोटांवर ओघळत होतं. दगडावर थेंब पडू नये म्हणून तिनं दुसरा तळवा खाली धरला होता.