कान तपासण्याचं लायसन्स

पंचेंद्रियांची काळजी परवानाधारक माणसाच्याच हाती सोपवावी, असं माझं ठाम मत होतं. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका कानाच्या मशीनवाल्याकडे आम्ही चार वर्षांच्या लेकीला नेलं. ती बोलत नव्हती.

“लायसन्स आहे?” मी विचारलं.

“पानवाल्याला लागतं, साहेब. कान तपासणाऱ्याला सरकारने सूट दिलीय.”

“तिला सगळं कळतं हो,” बायको म्हणाली.

त्याने तोंडापुढे वर्तमानपत्र धरून मोठ्याने विचारलं, “चॉकलेट हवं?” लेक हलली नाही. पेपर खाली घेऊन त्याने तेच नुसते ओठ हलवून विचारलं. तिने हात पुढे केला.

“ओठ वाचते. ऐकू येत नाही. मशीन आज विकणार नाही, आधी हॉस्पिटलात दाखवा.”

पाच महिन्यांनी तिथे नंबर लागला. डिग्रीवाल्यांनी तेच सांगितलं, टाइप करून.