तिच्या कार्डाला माझा पेपर

मूर्खपणा आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. घाटंजीकडच्या एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने माझ्या सहकारिणीचा संशोधनाचा पेपर मागवला होता, आणि मी पाकिटात माझा घालून पाठवला. सोबत चिठ्ठीही लिहिली: ‘मागितलेली प्रत शिल्लक नाही, जवळच्या विषयावरची पाठवत आहे.’ शिल्लक नसायला काय झालं होतं? तिच्या ड्रॉवरमध्ये गठ्ठा पडला होता. आणि जवळचा विषय कसला? तिचा पेपर कपाशीवर मारायचं औषध कालवणाऱ्या बायांवरचा, माझा दारव्ह्याच्या शाळकरी मुलींच्या अंगात रक्त कमी असण्यावरचा.

तेव्हा मी यवतमाळला मेडिकल कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवत होते. अळी औषधाला दाद देत नव्हती, लोक फवारण्या वाढवत होते, अशी ती कापसाची वाईट वर्षं. कुणाच्या पेपरला किती मागणी आहे हे आजच्यासारखं मोबाईलवर दिसत नसे. मासिकवाले लेखकाला पंचवीस छापील प्रती देत. ज्याला वाचायचा असेल तो पोस्टकार्ड टाकी, लेखक प्रत पाठवी. माझ्या पंचविसातली एक मी सासऱ्यांना दिली. त्यांनी ती चष्मा न लावताच वाचली आणि छान आहे म्हणाले. बाकीच्या चोवीस कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होत्या. दुसऱ्या कुणाच्या पेपराखालच्या संदर्भांत माझं नाव अजून एकदाही आलं नव्हतं.

ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. दिग्रसकडच्या तांड्यावरची, घरात शिकलेली पहिलीच. आमच्याकडे तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या, त्यामुळे बुद्धी आमच्या घरी दुधाच्या रतिबासारखी आपोआप येते असा माझा समज. तिला कार्डं यायची, परदेशातूनसुद्धा. ती टेबलामागच्या फळ्यावर टाचण्यांनी लावायची. मी पाणी प्यायला जाता जाता मोजायचे. त्या वर्षी मला जितकी तहान लागली तितकी पुढे कधी लागली नाही. प्राध्यापकाची जागा एकच निघायची होती आणि लायक आम्ही दोघी.

पण खरं झोंबत होतं ते वेगळंच. फवारणीच्या विषबाधेच्या पाहणीला एकाच जीपमधून दोघी गेलो होतो. सगळेजण पाठीवर पंप घेतलेल्या पुरुषांना मोजत होते, मीही. तिने ड्रमात कोपरापर्यंत हात घालून औषध कालवणाऱ्या बाया मोजल्या. त्याच बायांनी मला बांधावर भाकर-ठेचा वाढला होता. दोन भाकरी खाल्ल्या आणि त्यांना विचारलं काय, तर ठेच्यात लसूण किती घालता. एवढी मोठी मी संशोधक.

तर त्या डॉक्टरचं कार्ड शिपायाने चुकून माझ्या टेबलावर टाकलं. ‘फवारणी सुरू व्हायच्या आधी गावोगाव जाऊन बायांना सांगायचं आहे, कृपया लवकर पाठवा,’ असं त्यात लिहिलं होतं. मला त्यातलं फक्त तिचं नाव दिसलं. संध्याकाळच्या टपालात पाकीट गेलं आणि मला घरी चक्क भूक लागली.

तीन आठवड्यांनी, आम्ही दोघी समोरासमोर डबे उघडून बसलो असताना, एक तरुण माणूस दारात उभा राहिला. काळीपिवळी जीपमधून आल्यामुळे केस धुळीने पांढरे. हातात सुरळी केलेला माझा पेपर आणि तो ज्यातून आला ते पाकीट.

“मॅडम, काही तरी घोळ झाला,” तो तिला म्हणाला. “मले फवारणीच्या बायांचा पाहिजे होता, हा पोरींच्या रक्ताचा आला. चिठ्ठीत प्रत शिल्लक नाही म्हणे; एखादी सापडली तं धाडाल म्हणून वाट पाहून पाहून मीच आलो. तिकडे तं लोकांनी औषध आणून ठेवलं, या हप्त्यात सुरू होते.”

तिने त्याच्या हातातून पाकीट घेतलं. पत्त्याचं अक्षर माझं. विभागातला प्रत्येक जण ते ओळखत होता. मी लोणच्याची फोड चावत बसले, जणू विदर्भातलं ते शेवटचं लोणचं होतं. तिने ड्रॉवर उघडला, एक सोडून दहा प्रती त्याला दिल्या, दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही द्या म्हणाली, खुर्ची दिली, चहा मागवला. हातमोजे नसतील तर लांब काठीने कसं कालवायचं ते कागदावर काढून दाखवलं. तो गेला.

मग ती परत डब्यापाशी येऊन बसली. एरवी माझ्याशी पुस्तकी बोलायची. त्या दिवशी नाही.

“ताई, राग माह्यावर होता तं माह्यावर काढायचा होता. त्या डॉक्टरले तीन आठवडे कायले बसवून ठेवलं? आन् तुमचा पेपर मी कवाचाच वाचला आहे, चांगला आहे. औषध कालवणाऱ्यांत त्याच वयाच्या पोरी आहेत, म्हणून माह्या नव्या पेपरात तुमचा संदर्भ घेऊन राह्यली. यादीत अकरावा. सोमवारी टपालात टाकतो. आता तुम्हीच सांगा, ठेवू का काढू?”