अंतराळयानाचं दार

जुन्या इंग्रजी अंतराळ मालिका मी फारशा पाहिलेल्या नाहीत. त्या पडद्यामागे कशा तयार झाल्या, याची पुस्तकं मात्र माझ्याकडे फळीभर आहेत. स्वयंपाक न येणाऱ्यानं पाककृती वाचाव्यात, तसा हा शौक.

त्यातल्या एका पुस्तकात वाचलं, की यानाची आपोआप सरकणारी दारं खरं तर मागे लपलेला माणूस दोरीनं ओढायचा. झालं! पिंपळगाव राजा या गावातल्या आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला मुलींचं अंतराळवीरांचं नाटक होतं. मी विज्ञानाचा मास्तर. "दार माझ्याकडे," असं मी सगळ्या शिक्षकांपुढे जाहीर करून टाकलं.

तालमीत प्लायवूडचं दार मस्त सरकलं. खूण ठरली: कप्तान झालेली मुलगी "चला पुढे!" म्हणाली, की मी दोरी ओढायची.

कार्यक्रमाच्या दिवशी मी आधीच जाऊन प्लायवूडमागे दडून बसलो. शेजारी जनरेटर धडधडत होता. समोरचं काही दिसत नव्हतं, ऐकूही तुटक येत होतं. तेवढ्यात "पुढे" ऐकलं. ओढली दोरी. हशा, टाळ्या! दार लावतो न लावतो तोच पुन्हा "पुढे". पुन्हा ओढली. हशा वाढतच गेला. मनात म्हटलं, पोरींनी काय रंगवलंय नाटक!

इतक्यात प्रेक्षकांत बसलेली बायको वाकून मागे आली.

"अहो, काऊन दार उघडून राह्यले तुमी?"

"नाटक चालू आहे ना!"

"कायचं नाटक? सरपंचबाईचं भाषण चालू हाय! त्या म्हणतात गावाले पुढे नेऊ, अन् तुमी त्यायच्या मांगं दार उघडता!"

मी दोरी टाकूनच दिली. खुणा कशा चुकतात यावर त्या पुस्तकात अख्खं प्रकरण होतं. कंटाळवाणं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

मग खरं नाटक सुरू झालं, तेव्हा मी इतका धसकलेलो, की कप्तान घसा फोडून "चला पुढे!" ओरडली तरी माझा हात हलेना. शेवटी बायकोनंच दोरी ओढली.

नंतर सरपंचबाईंची माफी मागायला गेलो. त्या हसायलाच लागल्या.

"जयभीम सर! पयल्यांदा दचकलीच मी. पण लोकं भाषण आयकून राह्यले, हे कधी पाह्यलं नव्हतं. मंग मुद्दामच पुढे-पुढे म्हणत राह्यली."

गाडीवरून घरी जाताना बायकोनं विचारलं, "आता कोनतं पुस्तक मागवलं?"

"परग्रहावरच्या माणसांच्या मेकअपचं," मी म्हणालो.

तिनं लगेच पदर तोंडावर ओढून घेतला.