तोंड, डोकं आणि पोट

पेनाच्या टोकानं मॉनिटरवर टकटक करून ताई म्हणायच्या, "हे नुसतं तोंड हाय. तोंडाला पोटाचं काम सांगू नये."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, अवघड काम घरगुती करून सांगणारी. लातूरला एका डाळ मिलच्या मागं आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं. ताई तिथल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामर, उदगीरहून रोज यायच्या. मी नवखा. पडद्यावर दिसतं ते तोंड, माहिती साठते ते पोट, मधे बसून ठरवतं ते डोकं. तिघांची कामं वेगळी ठेवायची, ही मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर नावाची पद्धत मला त्यांनीच शिकवली. मी सगळा कोड एका बटणात कोंबला की हसायच्या, "तोंडातच शिजवून राहिलास की रं!"

मग एका रक्तपेढीचा प्रोग्राम दुरुस्तीला आला. कुणीतरी सगळं बटणांतच लिहिलेलं. एका कॉम्प्युटरवरून रक्ताची पिशवी दिली, तरी दुसऱ्यावर ती शिल्लकच दिसायची. एका बाळंतिणीसाठी "आहे" म्हणून सांगितलेली पिशवी फ्रीजमध्ये नव्हतीच. धावाधाव करून दुसरीकडून रक्त आणलं, बाई वाचली. पण त्या दिवशी ताईंना डबा गेला नाही.

"सगळं नव्यानं लिहावं लागतंय," त्या आमच्या ऑफिसच्या मालकांना म्हणाल्या.

"चालतंय ना? मग कशाला हात लावता?"

"चालतंय म्हणूनच भ्या वाटतंय, साहेब."

मालकांनी कुरकुरत होकार दिला. आणि त्याच सुमारास ताईंचे डोळे जायला लागले. साखरेच्या आजारानं आतले पडदे खराब केले होते. नांदेडला जाऊन डोळ्यांत इंजेक्शनं घेतली, गुण आला नाही. मॉनिटरवरची अक्षरं मोठी होत गेली, शेवटी एका वेळी दोनतीन शब्दच मावायचे. मग मी हळू आवाजात कोड वाचायचो, त्या ऐकायच्या. मालक आले की दिसत असल्यासारखा माउस हलवत राहायच्या.

सगळं लिहून झालं, तरी दुसरा कॉम्प्युटर जुनाच आकडा दाखवायचा! मी रडकुंडीला आलो.

"थांब," ताई म्हणाल्या. "पोटाला कळलं. दुसऱ्या तोंडाला कुणी सांगितलंच न्हाई. मागची ओळ परत वाच."

निरोप धाडायची ओळ होती, पण तिच्याआधीच काम संपवून कोड बाहेर पडत होता. ती वर घेतली. एकीकडं पिशवी दिली.

"उतरला का आकडा?"

"उतरला, ताई! हा काय समोर."

त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला. "मला दिसना रं," म्हणाल्या, आणि टेबलावर डोकं टेकून हुंदके देऊ लागल्या. आवाज ऐकून मालक दारात आले.

"आता घरी आराम करा," ते नंतर मऊपणानं म्हणाले.

"घरी बसून काय करू, साहेब? मला दुसरं काई येत न्हाई."

मालकांनी त्यांच्या भावाला फोन लावला.

नांदेडपलीकडच्या इस्लापूरहून भाऊ न्यायला आला. स्टँडवर नांदेडच्या गाडीची पायरी ताईंनी चाचपडत शोधली. गाडी हलली तेव्हा मी "ताई!" म्हणून हाक मारली. गर्दीत आवाज कुठून आला ते त्यांना कळलं नसावं. त्यांनी हसून हात हलवला, पलीकडच्या बाजूला. तिथं कुणीच उभं नव्हतं.